‘गोव्यात थंडी नसते, सर!’

बातमी मिळवायला धावावं लागतं. किस्से मात्र आपल्या पायांनी येतात, सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसतात आणि चहा मागतात. एकाला चहा दिला की दुसऱ्या दिवशी तो आणखी चौघांना घेऊन हजर! मी जन्मभर बातम्यांमागे धावलो. खाणवाल्यांशी भांडलो, पंचायतींशी भांडलो, संपादकांशी तर रोजच भांडलो. ते सगळं छापलं गेलं आणि लोक विसरले. आज मला रस्त्यात अडवून माणसं एकच गोष्ट विचारतात. "बाब, त्या ट्रॅक्टराचां सांगा मरे!"

सांगतो. पण आधी माणसं सांगतो, म्हणजे कोण कोणावर ओरडतंय ते कळेल.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या पार्से गावात पाच जणांनी मिळून एक छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला. एक घनाकाका. देवळाचे मानकरी. गावात लग्न असो की नवी विहीर, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. दुसरा बस्त्यांव. आयुष्य जहाजावर काढलेलं, त्यामुळे जगातल्या प्रत्येक इंजिनाबद्दल त्याला ठाम मत आहे. तिसरा दत्ताराम. आधी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर शेतीकडे वळला. ट्रॅक्टरच्या सीटवर तोच. चौथी शालिनी वहिनी. नवरा आखातात, शेत हिच्या हातात आणि हिची जीभ कुणाच्याच हातात नाही! पाचवा मी.

हिवाळ्यात ओहोळाच्या पाण्यावर आम्ही वायंगणाचं भात करतो. शेत नांगरायचं, चिखल करायचा आणि वाफ्यात वाढवलेला तरवा उपटून तिथे लावायचा. ट्रॅक्टर पाळीने. एखाद्याचं शेत त्याच्या पाळीत पुरं झालं नाही, तर दुसरा दिवसही त्यालाच; बाकीचे पुढे सरकणार. कोणाची पाळी आधी यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. वहिनीची शेवटची निघाली. म्हणजे आमच्या चौघांचा जो काही उशीर होईल, तो सगळा गोळा होऊन तिच्या डोक्यावर!

आणि तरवा कुणासाठी थांबत नाही. वेळेत लावला तर भात. वाफ्यातच त्याला पेर धरलं की ते गवत. गुरांपुढे टाका आणि पुढच्या वर्षाची वाट बघा.

नेमकी तेव्हाच थंडी पडली. सकाळी शेतावर धुकं, काजूला मोहर, घनाकाकांच्या डोक्यावर मंकी कॅप. दत्ताराम सीटवर चढला, किल्ली फिरवली. खिर्र... खिर्र... खिर्र... आणि शांतता. पुन्हा खिर्र. पुन्हा शांतता. बॉनेटवर चांगलं ऊन आलं तेव्हा गडी पहिल्या किल्लीला सुरू! तोवर अर्धा दिवस गेलेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिथून पुढे जे झालं ते हे असं.

*

भांडायची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड.

"सर, आपली तक्रार काय आहे?"

"थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही."

"आपलं राज्य, सर?"

"गोवा."

टकटक आवाज आले. मग म्हणाली, "सॉरी सर, गोव्यासाठी ही तक्रार सिस्टिममध्ये येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"राज्य निवडलं की तक्रारींचे प्रकार येतात, सर. गोव्याला ‘इंजिन गरम होतं’ आहे, ‘गंज चढतो’ आहे. ‘थंडीत सुरू होत नाही’ हे नाहीच. गोव्यात थंडी नसते, सर."

मी तेव्हा अंगावर शाल, गळ्यात मफलर आणि पायात मोजे घालून सोप्यावर उभा होतो! मी तिला ते सांगितलं. जन्मभर मंत्र्यांना जाब विचारलेल्या आवाजात सांगितलं.

ती जराही ढळली नाही. "सर, एक उपाय आहे. मी राज्य हिमाचल टाकते. मग तक्रार नोंद होईल. पण मेकॅनिक शिमल्याहून येईल."

फोन स्पीकरवर होता. मागून घनाकाका ओरडले, "येवं दी मरे! येताना सफरचंदां घेवन ये म्हण!"

*

शिमल्याची आशा सोडल्यावर बस्त्यांवने सूत्रं हातात घेतली. बॉनेटला कान लावून बराच वेळ ऐकल्यासारखं केलं. इंजिन बंद होतं, तरी ऐकलं!

"डिझेलच्या लायनीत हवा गेल्या," तो म्हणाला. "हवा काढपाक जाय."

निदान अगदीच वेडगळ नव्हतं. डिझेलच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले की पंपाला डिझेल पोचत नाही. दत्तारामने पंपावरचा स्क्रू ढिला केला, हाताने पंप मारत राहिला. फेस आला, बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल आलं. स्क्रू घट्ट. किल्ली. खिर्र... खिर्र...

"परत काढ," बस्त्यांव म्हणाला.

परत काढली. या खेपेला बुडबुडाही नाही. खिर्र... खिर्र...

"फिल्टरातसून काढ. आमी जहाजार असताना सगळ्यांत आधी फिल्टर खोलतालों. भर समुद्रांत इंजिन बंद पडलां, लाटो हेऽऽ एवढ्यो! कॅप्टन माका म्हणता, बस्त्यांव, आता तूंच."

वहिनी बांधावर उभी राहून ऐकत होती. हातात तरव्याचं एक रोप. तिने ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलं, म्हणजे वाढ किती झालीय ते सगळ्यांना दिसावं. वीतभर झालेलं होतं.

"बस्त्यांव," तिने विचारलं, "तू जहाजार कामाक कितां होतो रे?"

बस्त्यांव स्क्रू पुसत पुटपुटला. "किचनात."

"मगे हवा कित्याक काढता? फोडणी घाल!"

*

गरम पाण्याची कल्पना माझी. मी कंपनीचं पुस्तक वाचलं होतं. थंड मुलखात रात्री रेडिएटरचं पाणी सोडून देतात आणि सकाळी त्यात गरम पाणी भरतात. इंजिनाचं अंग शेकतं, आतलं ऑईल पातळ होतं आणि ते फिरायला राजी होतं. शास्त्र आहे!

आता सकाळी तयार गरम पाणी कुणाकडे? घनाकाकांकडे. त्यांच्या न्हाणीत तांब्याचं मोठं भाण आहे आणि काकी उजाडायच्या आत त्याच्याखाली लाकडं घालतात. आम्ही बादल्या घेऊन गेलो, भाण रिकामं केलं, रेडिएटर भरला. दत्तारामने किल्ली फिरवली. खिर्र... खिर्र... धड! धडधडधड!

आम्ही टाळ्या वाजवल्या. बस्त्यांवने इंजिनापुढे हाताने क्रॉस काढला. वहिनीसुद्धा हसली, कारण माझं शेत त्या दिवशी पुरं झालं की तिची पाळी आणखी पुढे जाणार नव्हती.

झालंही. सगळे खूश. फक्त घनाकाका सोडून. त्यांची आंघोळ राहिली होती. आंघोळ नाही म्हणून देवळात पाऊल नाही, देवळात पाऊल नाही म्हणून सकाळची पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणून गावात चर्चा. "देव पारोसो आणि ट्रॅक्टर न्हालेलो!" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन गेलो तर न्हाणीच्या दारात घनाकाका खांद्यावर पंचा टाकून उभे. समोर आम्ही. मधे भाण. पाणी एकाचंच.

मी शास्त्र सांगितलं. त्यांनी धर्म सांगितला. आवाज चढले. शेवटी स्वयंपाकघरातून काकी बाहेर आल्या, हातात फुंकणी. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग आमच्या बादल्यांकडे.

"भांडतास कित्याक? दोघांपैकीं जो न्हावन कामाक लागता, ताका दिया!"

*

घनाकाका त्या दिवशी काकींशी बोलले नाहीत. ट्रॅक्टरलाही पाणी मिळालं नाही.

मग दत्तारामचा उपाय आला. खाणीवरच्या ड्रायव्हरचा विश्वास एकाच गोष्टीवर असतो. "बॅटरी फटयता, बाब. देंवती फटयना!" देंवती म्हणजे उतरण, आणि फटयता म्हणजे फसवते. संध्याकाळी ट्रॅक्टर देवळाकडच्या चढावर नेऊन उभा करायचा, चाकांना दगड लावायचे. सकाळी दगड काढायचे, ट्रॅक्टर उतरणीवर आपोआप धावायला लागला की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. चाकंच इंजिन फिरवतात.

आणि खरंच फिरवायची! खाली पोचेपर्यंत इंजिन धरायचं. दोन-तीन सकाळी झकास गेल्या.

मग एक दिवस बॅटरी पूर्णच बसली. दिवा नाही, हॉर्न नाही. दत्ताराम म्हणाला, "हॉर्न कित्याक जाय? एवढ्या सकाळी वाटेर कोण आसा?" दगड काढले. ट्रॅक्टर निघाला. इंजिन बंद, त्यामुळे आवाजही नाही. धुक्यातून एवढं धूड मुकाट उतरतंय!

निम्म्यावर त्याला दिसलं की रस्त्याच्या मधोमध कुणाची तरी म्हैस उभी आहे. हॉर्न तर नाही. मग गड्याने तोंडानेच सुरू केलं. "पों पों! पोंऽऽ पों! पों पों पों!"

म्हैस ढिम्म.

पण आमच्या गावात सकाळी पों पों कोण करतं? पोदेर. सायकलच्या मागे पावाची टोपली बांधून तो रबरी हॉर्न दाबत येतो. दोन्ही बाजूंची दारं धडाधड उघडली. बायका पिशव्या घेऊन, म्हातारे सुटे पैसे घेऊन, मुलं डोळे चोळत रस्त्यावर! आणि वरून ट्रॅक्टर!

दत्ताराम ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. ट्रॅक्टर म्हशीच्या शेपटीपाशी थांबला. इंजिन सुरू झालंच नव्हतं. दत्ताराम घामाने थबथबलेला, थंडीत!

एक म्हातारी पुढे आली. तिने ट्रॅक्टरच्या मागे वाकून बघितलं. टोपली नव्हती.

"पाव ना?" ती म्हणाली. "मगे बोंबो कित्याक मारता रे, मेल्या?"

त्या दिवशी ट्रॅक्टर सपाटीवर अडकला तो बॅटरी चार्ज करून आणेपर्यंत. वहिनीची पाळी आणखी एक दिवस पुढे. बॉनेटवर नवं रोप. आता त्याला वीत पुरत नव्हती.

*

माझं डोकं फिरलं. मी लेखणी उचलली. थंडीमुळे पेडण्यात यांत्रिक शेती कशी खोळंबते, कंपन्या किनारपट्टीच्या शेतकऱ्याला शेतकरीच कशा समजत नाहीत, वॉरंटीचे नियम दिल्लीत बसून कसे लिहिले जातात, असा सडेतोड लेख लिहिला आणि आमच्या दैनिकाला धाडला.

डेस्कवरच्या शहाण्याने मजकूर निम्मा कापला आणि मथळा दिला, ‘पेडण्यात थंडीचा कहर! शेतकरी गारठले!’

पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बांधावर एक जीप. त्यातून एक इच्छुक उमेदवार उतरला. मागे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांच्या मागे फोटोग्राफर आणि जीपमध्ये ब्लँकेटांचा ढीग.

"गारठलेले शेतकरी कोण?"

मी त्याला समजावून सांगितलं की गारठलाय तो ट्रॅक्टर. त्याने मान डोलावली. सगळं समजल्यासारखी. मग घनाकाकांना एक ब्लँकेट, बस्त्यांवला एक, दत्तारामला एक. मी घेतलं नाही. पत्रकाराने घ्यायचं नसतं. माझं उरलं.

फोटोग्राफर म्हणाला, "ट्रॅक्टरार घालूया?"

घातलं! उमेदवाराने स्वतः बॉनेटवर पसरलं, कडा आत खोचल्या आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर. कुठे? माझ्याच दैनिकात! माझा लेख छापला त्यापेक्षा मोठ्या आकारात! मी संपादकांना फोन करून जे बोललो ते छापण्यासारखं नाही, म्हणजे त्यांनी ते छापलंही नसतं.

ब्लँकेट मात्र जाड होतं. मी म्हटलं, रात्रभर इंजिनाची ऊब टिकेल. ते तसंच ठेवलं. सकाळी आम्ही सगळे आशेने गोळा झालो. दत्तारामने किल्ली फिरवली. खिर्रसुद्धा नाही. नुसतं ‘टक्’.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी म्हणाली, "त्याका कित्याक दोष देतास? एवढां पांघरूण घातल्यार सकाळी कोण उठता मरे?"

*

अखेर डिचोलीच्या डीलरने सर्व्हिसवाला पाठवला. पाटील. गाव गडहिंग्लजकडचं, नोकरी डिचोलीत. माणूस चांगला. फक्त तो यायचा दुपारी.

आणि दुपारी आमचा ट्रॅक्टर म्हणजे शाळेतलं हुशार पोर! पाटलाने नुसता किल्लीला हात लावायचा अवकाश, धडधडधड!

"चालू हाय की ओ! झकास हाय!" पाटील म्हणायचा आणि परत जायचा.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी त्याला बांधावर बसवलं आणि पत्रकार परिषदेत घेतात तसा फैलावर घेतला.

"पाटील, तुम्ही सकाळी का येत नाही?"

"सकाळी डिचोलीहून यायचं म्हंजे लई धुकं असतंय ओ साहेब. समोरचं काय दिसत न्हाई."

"म्हणजे थंडी असते."

"न्हाई, धुकं असतंय."

"तुमच्या अंगावर हे काय आहे?"

त्याने खाली बघितलं. हाताने विणलेला, गळाबंद, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. दुपारी!

"आईनं दिल्याला हाय. घालाय लागतंय."

"आई गडहिंग्लजला. तिला इथलं कसं दिसतंय? घालायला का लागतं?"

पाटलाने उलटा हल्ला केला. "साहेब, हरमलला जाऊन बगा. सकाळी सातला फॉरेनर उघडे हिंडत्यात समुद्रावर! आन् तुम्ही मंकी कॅप घालून म्हणताय थंडी!"

"मग त्या फॉरेनरांना आणा आणि ट्रॅक्टरला धक्का मारायला लावा!" मी म्हणालो.

तेव्हा तो हसला आणि खरं बोलला. त्याला संशय होता हीटरचा. इंजिनात शिरणारी हवा तापवणारी एक कॉईल असते, किल्ली अर्धी फिरवून धरली की ती लाल होते. ती सकाळी काम करत नसणार. पण गरम इंजिनावर तो दोष सापडत नाही आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय वॉरंटीत पार्ट मिळत नाही.

"एकदा मी पहाटे येतो," तो म्हणाला. "पर मी येईस्तोवर कुणी किल्ली लावायची न्हाई, गरम पाणी न्हाई, काय न्हाई. माझ्यासमोर बंद पडला की टेम्पोत घालून डिचोलीला नेतो. चार-सहा दिवसांत नवी कॉईल घालून परत."

मी विजयाने सगळ्यांकडे बघितलं. वॉरंटी महिनाअखेरीला संपत होती. वेळेत जिंकलो होतो!

"कधी येशात?" वहिनीने विचारलं.

पाटलाने दिवस सांगितला.

तो दिवस वहिनीच्या पाळीचा होता.

*

आदल्या संध्याकाळी आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. आम्हा चौघांची शेतं लावून झाली होती. वहिनीचं कोरडं होतं.

"चार-सहा दीस," ती म्हणाली. "माझ्या तरव्याक उद्या-परवा पेर धरतलां. मगे मी लावतलें कितां? माझी एक पाळी जावं दी, मगे न्हेया तुमचो ट्रॅक्टर खंय तो."

"पाटील पुन्हा पहाटे येणार नाही," दत्ताराम म्हणाला.

"वॉरंटी गेली तर कॉईल पदरची," बस्त्यांव म्हणाला.

मी म्हणालो, "वहिनी, प्रश्न कॉईलचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्यांनी आम्हाला सांगितलं की गोव्यात थंडी नसते..."

"बाब, तत्त्व लावल्यार किती खंडी पिकता?"

मतं मात्र चार विरुद्ध एक. ठरलं. पाटलासमोर किल्ली, ट्रॅक्टर बंद, टेम्पो, डिचोली. वहिनी उठली, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि गेली. काही बोलली नाही. वहिनी काही बोलली नाही याची आम्हाला जास्त भीती वाटली.

आणि भीती दुसरीही होती. ती बस्त्यांवने बोलून दाखवली. "हो ट्रॅक्टर पाटलाक बघून चालू जाता. फाल्यां सकाळी चालू जालो तर?"

सगळ्यांनी घनाकाकांकडे बघितलं.

पहाटे धुकं असं की बांधावरून ट्रॅक्टर दिसत नव्हता. मी स्वतः आनंदाने कुडकुडत होतो! पाटील आला. स्वेटर, वर जॅकेट, कानाला रुमाल. त्याने इंजिनाला हात लावून बघितला. "गार हाय. एकदम गार," म्हणाला. पाठोपाठ टेम्पो. वहिनी आधीच येऊन एका बाजूला उभी होती, खांद्यावर कुदळ, पायाशी तरव्याच्या जुड्या. रात्रीतच उपटून आणल्या असणार.

घनाकाकांनी मंकी कॅप काढली, ट्रॅक्टरपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो पाच जाणांचो ट्रॅक्टर तुझ्या पायांकडे उभो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"इतके दीस तेणां आमकां छळलां. सकाळ म्हणां नाय, पाळी म्हणां नाय, चालू म्हणून जावंक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तसोच तो आजय बंद ऱ्हावं दे रे म्हाराजा! पाटलान किल्ली फिरयली तर खिर्र करूं दे, टक् करूं दे, पूण धूर काडूंक दिवं नको!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला पाटीलही म्हणाला. आपल्याकडे कुणी गाऱ्हाणं घातलं की हात आपोआप जोडले जातात, त्याला तो काय करणार?

"आणि वॉरंटी संपच्या आदीं आमची कॉईल आमकां मेळूं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वहिनीचे हात जोडलेले होते. तोंड मिटलेलं.

नारळ फुटला. पाटील सीटवर चढला. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं केलं. किल्ली अर्धी फिरवली, धरून ठेवली, थांबला. मग त्याने ती पूर्ण फिरवली.

खि—

धडधडधडधडधड!

धुराचा काळा लोट धुक्यात शिरला. शेतातले बगळे उडाले. सायलेन्सर असा खणखणीत वाजत होता, जसं काही उन्हाळ्याची भर दुपार आहे!

"झकास हाय की ओ!" पाटील वरून ओरडला.

मी लाल झालो होतो, ती कॉईल व्हायला हवी होती तसा. "घनाकाका! हे काय? देवाला नीट सांगितलंत की नाही?"

"तुमच्या म्होऱ्यारच सांगलां मरे!" घनाकाका नारळाच्या दोन भकलांकडे बघत होते. एकदा या, एकदा त्या.

टेम्पोवाला टेम्पो वळवायला लागला. दत्तारामला कुणी काही सांगितलं नाही. तो आपणहून सीटवर जाऊन बसला. वहिनीने पदर खोचला, जुड्या मडगार्डवर ठेवल्या आणि शेताच्या दिशेने पुढे चालायला लागली.

बस्त्यांवला राहवलं नाही. तो मागून ओरडला, "शालिनी! तू देवाक कितां सांगलंय गो?"

ती वळली. थांबली मात्र नाही.

"माका कित्याक सांगूक जाय? आज पाळी कोणाची? माझी! मगे आजच्या दिसा देव तुमचां कित्याक आयकतलो?"